गल्लीतले सगळे पाट

आमचे घरमालक पाच वर्षांच्या वरच्या माणसाशी धड बोलायचे नाहीत. माझ्या नवऱ्याला 'अरे' म्हणायचे, मला 'ए मुली', आणि माझ्या सासूबाईंना, ज्यांच्यासमोर आमच्या घरातले पुरुषसुद्धा मान वर करत नसत, 'ए बाई'. पण रांगतं पोर समोर आलं की हेच गृहस्थ बुटाच्या टाचा जुळवून उभे राहायचे. "या साहेब. झोप झाली? दूध घेतलंत?" मुलगी असली तर बाईसाहेब. पोर नागडं असलं तरी साहेबच.

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. उज्जैनला फ्रीगंजात, टावरच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली ते एकटे, वर आम्ही. ग्वाल्हेर संस्थानच्या अमलात ते शाळेत कवायत शिकवायचे. संस्थान गेलं तशी नोकरी गेली, शिट्टी राहिली. ती गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली असायची. खाकी अर्धी चड्डी, पॉलिश केलेले बूट आणि शिट्टी, एवढ्या वेशात ते सब्जी आणायला जायचे.

बाकीचे घरमालक विचारायचे, पोरंबाळं नाहीत ना. मास्तरांनी उलटं विचारलं.

"लहान पोर आहे ना? नसेल तर जागा नाही."

माझी दोन पाळण्यात असतानाच गेली होती. तिसऱ्या वेळचा सातवा महिना चालू होता. आमचे हे म्हणाले, "व्हायचं आहे."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "चालेल. पण लवकर कर."

मीही लवकर केलं. सामान लागायच्या आत मुन्ना झाला, सातव्या महिन्यातच. एवढासा, मांजराच्या पिल्लासारखा. सासूबाईंनी त्याला कापसात ठेवला आणि पुढचे कित्येक आठवडे मास्तरांना शाप दिले, जसं काही त्यांनीच वरून हुकूम सोडला होता.

बारसं चाललं होतं. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. मास्तर कुणाला न विचारता वर आले, पाळण्याच्या मागे गेले आणि जोरात शिट्टी वाजवली. एका बाईच्या हातातलं तबक पडलं. मुन्ना दचकला आणि टाहो फोडून रडायला लागला.

"छान. ऐकू येतंय," मास्तर म्हणाले आणि खाली गेले.

सासूबाई जिन्यापर्यंत त्यांच्यामागे धावल्या. "पागल आहे का हा माणूस? पोराचं काळीज फाटलं असतं ना!"

त्या शिट्टीमागे काय होतं ते मला शेजारच्या बाईनं सांगितलं. आमच्या आधी त्या जागेत एक मुलगा होता, तीन वर्षांचा, बोलत नव्हता. मास्तर वर्षभर त्याच्यामागे लागले होते. त्याच्यापुढे बसायचे, शिट्टी वाजवायचे, पोर खदखदून हसायचं. मास्तर सगळ्यांना सांगायचे, ऐकू येतं, आळशी आहे नुसता. पोर हसत होतं ते मास्तरांचे फुगलेले गाल बघून. त्याला काही ऐकू येत नव्हतं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत म्हणे. नंतर त्या पोराला स्वतः घेऊन इंदूरला जाऊन आले, कुठल्या मोठ्या डॉक्टरकडे. तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक नव्या बाळाच्या मागे जाऊन शिट्टी. पुढून कधी नाही.

त्यांच्या खोलीत जायचं तर नियम होता. मोठ्या माणसानं दारातच हात मागे घ्यायचे. विसरलं तर मास्तर रुमाल काढून बांधायचे. खोलीत नेहमी गल्लीतली चारदोन पोरं असायची. कुणी बटण लावतंय, कुणी ओलं फडकं पिळतंय, कुणी पायरी चढतंय. आयांना राहवायचं नाही, पोर धडपडलं की हात पुढे जायचा. लगेच "हात मागे!" अशी आरोळी यायची, परेड मैदानावरची. एकदा पोस्टमनलासुद्धा बांधून ठेवला होता. त्यानं एका मुलीच्या पायातली चप्पल सरळ करून दिली होती. बिचारा अर्धा तास बसला, कारण त्या मुलीनं चप्पल पुन्हा उलटी घातली आणि मग स्वतः सरळ करेपर्यंत सुटका नव्हती.

हे खूळ त्यांना दवाखान्यात लागलं. तरुणपणी घोड्यावरून पडून मांडी मोडली होती, महिनोन्‌महिने मिशनच्या दवाखान्यात पडून होते. तिथल्या एका नर्सनं त्यांना पुन्हा चालतं केलं. "मी पडलो की ती खुर्ची ओढून समोर बसायची," ते सांगायचे. "विणकाम करायची. उठेपर्यंत बघायचीसुद्धा नाही. मी तिला इतक्या शिव्या दिल्या! ती म्हणायची, ज्याला शिव्या देता येतात त्याला उठता येतं."

खेळणी त्यांना आवडायची नाहीत. त्यांची खेळणी म्हणजे माझं स्वयंपाकघर. सकाळी वर यायचे आणि परात न्यायचे. लाटणं न्यायचे. मी मूग निवडून ठेवले की त्यात खडे मिसळायचे आणि पोरांना वेचायला बसवायचे.

"अहो मास्तर, निवडलेले होते ते!"

"म्हणूनच घेतले. न निवडलेल्यात खडे किती ते मला कसं कळणार?"

"मग मी आमटी कशाची करू?"

"दुपारपर्यंत थांब. बाईसाहेब वेचताहेत. दोन बोटांनी वेचताहेत बघ, काल मूठ मारत होत्या."

दुपारी मूग यायचे. त्यात एकदोन खडे असायचेच. आमच्या ह्यांची दाढ त्यातच गेली. तक्रार केली तर मास्तर म्हणाले, तुला दुसऱ्या बाजूनं चावता येतं ना, मग झालं.

समोरच्या किराणावाल्याची मुलगी बोलायची नाही. ऐकू येत होतं, मास्तरांनी मागून वाजवून बघितलं होतं. जीभ जड होती. मास्तरांनी तिच्या वरच्या ओठाला गूळ लावला आणि समोर बसले. मुलगी जीभ बाहेर काढून चाटायला लागली. दुसऱ्या दिवशी गूळ गालावर, मग हनुवटीवर. मग थाळीत वाटाणे ठेवून फुंकर मारून पळवायचे. आठवड्याभरात गल्लीतली सगळी पोरं नाकाला गूळ लावून जीभ वर ताणत फिरायला लागली. माशांचा नुसता कहर. बायका भांडायला आल्या. मास्तर स्वतः नाकाच्या शेंड्याला गूळ लावून ओट्यावर बसले होते, जीभ पोचत नव्हती, आणि ती मुलगी त्यांना बघून पोट धरून हसत होती. मग तिनं त्यांच्या नाकावरचा गूळ बोटानं काढून खाल्ला आणि म्हणाली, "और." तिचा तो पहिला शब्द. तिच्या बापानं गुळाची भेलीच पाठवली. मास्तरांनी परत केली. गूळ त्यांना आवडत नव्हता.

पुढे पुष्कळ वर्षांनी ते अंथरुणाला खिळले तेव्हाही तसेच होते. पुतण्या आला होता सेवा करायला. मी चहा घेऊन खाली गेले तर मास्तर खाटेवरून दारापर्यंत निघालेले, भिंत धरून, आणि पुतण्या हात मागे बांधून कोपऱ्यात उभा. मला म्हणाले, "मुली, तूसुद्धा." मी पेला खिडकीत ठेवला आणि हात मागे घेतले. दारापर्यंत पोचायला त्यांना इतका वेळ लागला की चहा गार झाला. मला रडूबिडू आलं नाही. दुसरा करावा लागला म्हणून चिडचिड झाली. नंतर लौकरच गेले.

आता मुन्नाचं सांगते, कारण त्याच्यावरून मास्तरांचं आणि सासूबाईंचं जे जुंपलं ते सगळ्या फ्रीगंजनं बघितलं.

सासूबाईंनी मुन्ना कापसात होता तेव्हाच चिंतामण गणपतीला नवस बोलून टाकला. पोर जगू दे, त्याचं जावळ तुझ्या दारात काढीन आणि त्याचं पहिलं पाऊल तुझ्या अंगणात पडेल. तोवर जमिनीला पाय लावू देणार नाही. मुन्ना जगला. आता जावळ काढायचं तर मामाच्या मांडीवर काढायचं, आणि मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. तो मध्य भारतच्या सचिवालयात बाबू.

मध्य भारतची राजधानी तेव्हा एका जागी नव्हती. उन्हाळ्यात इंदूर, थंडीत ग्वाल्हेर. सरकार निघालं की फायली निघायच्या आणि फायली निघाल्या की दादा. त्याचा निम्मा जन्म सुतळीच्या गाठी मारण्यात आणि निम्मा त्या सोडवण्यात गेला. पहिल्या वर्षी तो इंदूरला जवळ होता तेव्हा मुन्नाला डांग्या खोकला झाला. खोकला गेला तेव्हा दादा ग्वाल्हेरला गेला. दुसऱ्या वर्षी जावळ चालत नाही, विषम वर्षच लागतं. तिसऱ्या वर्षी मुहूर्त काढला, तर दादाचं पत्र आलं की मध्य भारतच मोडणार आहे, भोपाळला नवं राज्य होतंय, सगळ्यांच्या रजा बंद.

मास्तरांनी ते ऐकलं. "सरकारला एका जागी उभं राहता येत नाही आणि पोरानं मात्र थांबायचं!"

थांबलं होतंच पोर. सासूबाईंच्या कडेवर, माझ्या कडेवर, ह्यांच्या खांद्यावर, पलंगावर, झोपाळ्यावर. तिसऱ्या वर्षी त्याचे पाय कसे होते म्हणाल तर भिजवलेल्या पोह्यासारखे. उभा केला तर गुडघ्यात मोडायचा. बोलायचा मात्र पोपटासारखा. कडेवरून सगळ्या घराला हुकूम सोडायचा. आणि चुकून कुणी वाकलं, त्याचा पाय जमिनीच्या जवळ गेला, की आम्ही घरभर किंचाळायचो. तोही किंचाळायचा.

माझा त्या नवसावर विश्वास होता का, असं सुनांनी मला विचारलंय. दोन पोरं पुरल्यावर विश्वास आहे की नाही हे बघत बसत नाही माणूस. मीही किंचाळायचे.

सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली होती. मास्तरांनी कटकट करून करून ह्यांना मुन्नाला तिकडे न्यायला लावलं. तिनं त्याचे पाय वाकवले, सरळ केले, तळव्याला गुदगुल्या केल्या. म्हणाली, "हाडं चांगली आहेत. मुडदूस नाही. पाय वापरलेच नाहीत तुम्ही लोकांनी. आणि ही टाचेची शीर आखडायला लागली आहे. अजून असंच ठेवलंत तर टाच टेकणार नाही. मग जन्मभर चवड्यावर लंगडेल."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या मुन्नाला तेल लावत होत्या. हात थांबला. मग पुन्हा लावायला लागल्या.

"डॉक्टरणीला नवस ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग तिला काय कळतंय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यांनाही टाच दिसत होती.

दुसऱ्या सकाळी मास्तर वर आले. बगलेत जेवायचा पाट होता. तो त्यांनी ओसरीत आपटला. "ए बाई, हे काय आहे?"

"पाट आहे. डोळे गेले का तुमचे?"

"ही जमीन आहे?"

मास्तर खिडकीत गेले आणि शिट्टी वाजवली. खालून आमचे गुरुजी कुठल्याशा पूजेला निघाले होते. "ए गुरुजी, वर ये!"

गुरुजी घाबरत वर आले. मास्तरांनी आधी त्यांना हात मागे घ्यायला लावले.

"पूजेला यजमान पाटावर का बसतो?"

"जमिनीचा स्पर्श नको म्हणून."

"म्हणजे पाटावर बसला तो जमिनीवर नाही?"

"नाही."

"आणि पाटावर उभा राहिला तो?"

गुरुजींनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या त्यांना वर्षभर मिळायच्या. घसा साफ करून म्हणाले, "शास्त्रात पाटावर उभं राहायचं कुठे आलेलं नाही. पण बसलेला माणूस उठला म्हणजे पाटाची जमीन होते, असंही आलेलं नाही."

सासूबाईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "राहू दे उभा. पण पाय खाली गेला ना मास्तर, तर पाप तुमच्या डोक्यावर."

"डोकं मोठं आहे," मास्तर म्हणाले.

एका पाटानं काय होतंय? मास्तर घरोघर फिरले आणि पाट मागून आणले. मागून म्हणजे काय, सांगितलं आणि उचलले. आमची ओसरी, मधली खोली, गॅलरी, सगळीकडे पाट. शिसवी पाट, आंब्याचे पाट, लग्नातले पितळी फुल्यांचे पाट. सगळी गल्ली त्या पावसाळ्यात पोत्यावर बसून जेवली. कुणाकडे व्याही आले की बाई वर यायची, "अहो, आमचा तेवढा द्या ना, दोन तासांसाठी." मास्तर म्हणायचे, "साहेबांना विचार." मुन्ना पाटावर बसून म्हणायचा, "नई."

सुरुवातीला तो नुसता बसायचा. मास्तरांनी त्याला खेळवलंबिळवलं नाही. त्यांनी घरातली कामं त्याच्या डोक्याच्या वर नेली. वाळत घालायची फडकी त्याच्या हाताला लागतील न लागतील अशा दोरीवर. पाणी प्यायचा पेला कोनाड्यात. सासूबाईंचा पानाचा डबा, जो त्याला जीव की प्राण होता, खुर्चीवर. हवा असेल तर खुर्ची धरून उठायचं. सासूबाई समोर बसलेल्या, हात त्यांच्याच पदरात बांधलेले.

"आजी, दे ना."

"घे ना रे राजा, उठून घे."

"आजी, तू दे."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी. "मास्तर, मेल्या माणसालासुद्धा पाणी देतात हो! पान मागतोय तो."

"ए बाई, तू रड. पण हात हलवू नको."

एकदा त्यांनी दातांनी डब्याचं झाकण उघडून तोंडानंच लवंग काढून त्याला भरवली. मास्तरांनी ते पकडलं. दोन दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी. सासूबाई म्हणाल्या, नाही बोलला तर बरंच आहे. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच खाली जाऊन म्हणाल्या, चला वर, पोर वाट बघतंय.

मुन्ना उठायला लागला. आधी खुर्ची धरून, मग भिंत, मग माझा पदर. टाचेसाठी मास्तरांनी दळणाची अर्धी भरलेली पिशवी आणली, त्यावर त्याला नाचवायचे. तो नीट उभा राहायला लागला तसा त्यांनी एका पाटाच्या खाली सुपारी सरकवली. पाट डुगडुगायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "आता हे काय नवीन?" मास्तर म्हणाले, "दुनिया डुगडुगते, बाई. सरकार बघ."

दिवाळीपर्यंत मुन्ना एका पाटावरून दुसऱ्या पाटावर करत सगळं घर चालायला लागला. टाच टेकत होती. डॉक्टरणीनं बघितलं आणि छान म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

मास्तरांना नाही वाटलं. त्यांनी एक गोष्ट बघितली होती. दोन पाटांमध्ये मुन्नाचा अंगठा एकदा फरशीला लागला. तर पोर असं ओरडलं की निखाऱ्यावर पाय पडला असं वाटावं.

"पाय झाले," मास्तर म्हणाले. "डोकं राहिलं. ते तुम्ही लोकांनी खराब केलं आहे, त्याला माझ्याकडे पाट नाही."

मध्य भारत मोडला. दादा भोपाळला जायच्या आधी चार दिवस सुट्टी घेऊन आला. माघ चालू होता, तिसरं वर्ष संपत आलं होतं. तांगे केले आणि चिंतामणला निघालो. मास्तर पुढच्या तांग्यात तांगेवाल्याशेजारी, मांडीवर एक पाट.

जावळ छान झालं. दादाच्या मांडीवर मुन्ना बसला, न्हाव्याला हुकूम सोडत. "धीरे करो. कान मत काटना." न्हावी म्हणाला, "जी सरकार." गुरुजींनी काय ते केलं. मग मुन्नाला देवळासमोरच्या अंगणात आणला, पाटावर उभा केला, आणि सासूबाई म्हणाल्या, "टाक बाळा पाऊल. बाप्पाचं अंगण आहे."

मुन्नानं खाली बघितलं. पायाची बोटं आत वळवली.

"नई."

दादानं लाडू दाखवला. मुन्ना म्हणाला, "इथे आणून दे." ह्यांनी त्याला उचलून हळूच खाली ठेवायचा प्रयत्न केला, तर त्यानं पाय पोटाशी घेतले आणि असा ओरडला की माकडं पळाली. मास्तरांनी शिट्टी वाजवली. "साहेब, सावधान! एक पाऊल आगे!" मुन्ना सावधानमध्ये उभा राहिला. पाऊल काही टाकलं नाही. बघायला माणसं जमली. कुणी म्हणालं, नजर लागली आहे. कुणी म्हणालं, देवाला मंजूर नाही. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. मला कळत होतं त्यांना काय दिसतंय. आज नाही टाकलं तर नवस अर्धा, पोर पुन्हा कडेवर. आणि घरातले पाट किती दिवस पुरणार? शाळा पाटावर नसते. रस्ता पाटावर नसतो.

"मास्तर, करा ना काहीतरी," सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच अशा आवाजात.

मास्तरांनी हात मागे घेतले. "मला येत नाही," ते म्हणाले. "त्याला भीती मी नाही शिकवली. मला ती काढता येत नाही."

सासूबाईंनी पदर खोचला.

"ए, इकडे ये," मला म्हणाल्या. "हात दे."

"कशाला?"

"फुगडी घालू."

"आई, इथे? सगळे बघताहेत."

"बघू दे. तो पण बघेल. आजवर जमिनीवर पाय पडला की आपण ओरडलो ना? आता हसायचं. चल."

सासूबाईंचं वय, अंग आणि गुडघे बघता ती फुगडी होती असं मी म्हणणार नाही. आधी जात्यासारखी सावकाश फिरली. मग त्यांनी पाय जोडले, मागे रेलल्या आणि तोंडानं फू फू करायला लागल्या, आणि मला सोडवेना. त्यांच्या टाचा मातीत अशा आपटत होत्या की धूळ उडत होती. अंबाडा सुटला. माझा श्वास संपला. त्या मोठमोठ्यानं हसत होत्या. आमच्या घरात त्यांना तसं हसताना मी कधीच बघितलं नव्हतं. मलाही हसू फुटलं. देवळासमोर आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत फिरत होतो आणि जमलेली माणसं, दादा, हे, गुरुजी, सगळे तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत होते.

शेवटी सासूबाईंचा हात सुटला आणि त्या धपकन मातीत बसल्या. मी त्यांच्या अंगावर. डोळ्यांसमोर सगळं फिरत होतं. ते थांबलं तेव्हा बघितलं तर पाट रिकामा होता. मुन्ना माझ्या शेजारी होता, गुळगुळीत डोक्याचा, आणि सासूबाईंच्या समोर दोन्ही पाय मातीत थपथप आपटत म्हणत होता, "आजी, और! और कर!"

सासूबाईंनी मातीतच बसून हात जोडले. धाप लागलेली होती. मग एकदम त्यांना आठवलं.

"पाऊल कुठलं टाकलं आधी? उजवं की डावं? मास्तर, कुठलं?"

मास्तर गळ्यातली शिट्टीची दोरी सारखी करायला लागले.

"अहो, कुठलं?"

"मी बघितलं नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडे बघत होतो."

दादानं बघितलं नव्हतं. ह्यांनी नाही. गुरुजींनी नाही. एवढे महिने त्या एका पावलासाठी सगळी गल्ली पोत्यावर जेवली आणि ते कुणी बघितलंच नाही. फक्त न्हावी वस्तरा पुसत उभा होता.

"माँ साब, मैंने देखा," तो म्हणाला. "भैया ने पाँव नहीं रखा. छलांग मारी. दोनों पाँव साथ में."

सासूबाईंनी देवळाकडे बघितलं, मग मुन्नाकडे, आणि पुन्हा हसायला लागल्या.

"उडी मी अजून शिकवलीच नव्हती," मास्तर म्हणाले, आणि पाट उचलून तांग्याकडे निघाले, चांगलेच रागावून.